तंबाखूची विषमता : वस्ती समोर ठेवून आरोग्याचे नियोजन कसे करावे

दरवर्षी ३१ मे रोजी जागतिक तंबाखूविरोधी दिन येतो. तालुक्याच्या गावी शपथ घेतली जाते, कार्यालयाच्या पायऱ्यांवर फोटो निघतो आणि संध्याकाळपर्यंत तो व्हॉट्सॲपवर फिरून विसरलाही जातो. शाळांना त्या दिवसांत सुटी असते. वीटभट्टीवर गेलेली माणसे अजून भट्टीवरच असतात. भल्या पहाटे मिसरी लावून कामावर गेलेल्या बायांना अशी काही शपथ झाली हे कळतही नाही. ज्यांच्यासाठी हा दिवस पाळायचा, ते सगळे त्या फोटोच्या बाहेर राहतात.

आम्ही देगलूर तालुक्यातल्या वस्त्यांमध्ये आरोग्य, शिष्यवृत्ती आणि रोजगाराच्या प्रश्नांवर काम करतो. तंबाखूचा विषय आम्ही सुरुवातीला हाती घेतला नव्हता, तो दारातून आपोआप आत आला. तोंड पुरते उघडत नाही म्हणून भाकरी दुधात कुस्करून खाणारा तिशीतला तरुण भेटला. गालातली जखम मेडिकलच्या मलमावर चार महिने काढलेली आजी भेटली. अशी माणसे वरचेवर भेटू लागली, तेव्हा या विषयाकडे नीट पाहावे लागले. वस्तीत, विहारात, वसतिगृहात काम करणाऱ्या तरुण कार्यकर्त्यांना नियोजन करताना हाताशी असावी म्हणून ही माहिती एकत्र मांडली आहे.

विषमता म्हणजे नेमके काय

सार्वजनिक आरोग्यात प्रत्येक फरकाला विषमता म्हणत नाहीत. म्हातारपणी मोतीबिंदू होतो, तरुणपणी सहसा होत नाही, हा नुसता फरक आहे. पण एकाच तालुक्यातल्या एकाच वयाच्या दोघांपैकी ज्याचे शिक्षण कमी, काम अंगमेहनतीचे आणि घर गावकुसाबाहेरच्या वस्तीत, त्यालाच तोंडाचा कर्करोग होण्याची आणि तो उशिरा कळण्याची शक्यता अधिक असेल, तर ती विषमता. ती टाळता येण्यासारखी असते आणि टाळली गेलेली नसते.

तंबाखूच्या बाबतीत अनेक प्रश्न विचारावे लागतात. तंबाखू कोण वापरतो? ती कोणाच्या दारात, किती स्वस्तात विकली जाते? आजारी कोण पडतो? सोडायची म्हटली तर मदत कोणाला मिळते? आणि उपचाराने कोणाचे घर मोडते? आपल्याकडच्या बहुतेक मोहिमा पहिल्या प्रश्नाशीच थांबतात आणि उत्तर म्हणून 'व्यसन सोडा' एवढे सांगून घरी जातात.

आकडे काय सांगतात

जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षण, म्हणजे गॅट्स, याची दुसरी फेरी भारतात २०१६-१७ मध्ये झाली. १५ वर्षांवरील २८.६ टक्के भारतीय कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत होते, पुरुष ४२.४ टक्के, स्त्रिया १४.२ टक्के. खेड्यांत हे प्रमाण ३२.५ टक्के होते, शहरांत २१.२. महाराष्ट्राचा आकडा २६.६ टक्के. आधीच्या २००९-१० च्या फेरीत तो ३१.४ होता, म्हणजे घट झाली आहे आणि ती मान्य केली पाहिजे.

पण महाराष्ट्राच्या आकड्याची फोड केली की चित्र बदलते. राज्यात धूर ओढणारे अवघे ३.८ टक्के आणि खाणारे, चघळणारे, दाताला लावणारे २४.४ टक्के. आपल्या राज्याची तंबाखू तोंडात असते, धुरात नव्हे. तरीही सरकारी भिंतींवर आजही सर्वांत ठळक पाटी 'धूम्रपान निषिद्ध' हीच दिसते. ती पाटी ज्या भिंतीवर असते, त्याच भिंतीच्या कोपऱ्यात पिचकाऱ्या असतात. महाराष्ट्रातल्या स्त्रियांचे प्रमाण १७ टक्के आहे, देशाच्या सरासरीपेक्षा जास्त. यात मिसरीचा वाटा मोठा आहे, आणि मिसरीला आपल्याकडे तंबाखू म्हणून मोजतच नाहीत. 'तंबाखू खाता का?' असे विचारले की बाई नाही म्हणते, आणि ती खोटे बोलत नसते.

याच सर्वेक्षणात आणखी एक आकडा आहे, तो कार्यकर्त्यांनी वहीत लिहून ठेवावा. पाकिटावरचा धोक्याचा इशारा पाहून सोडण्याचा विचार मनात आला, असे सिगारेट ओढणाऱ्यांपैकी सुमारे ६२ टक्के लोकांनी सांगितले, विडी ओढणाऱ्यांपैकी ५४ टक्के आणि तंबाखू खाणाऱ्यांपैकी ४६ टक्के. डॉक्टरांनी किंवा आरोग्य कर्मचाऱ्याने 'सोडा' असे सांगितले, हे ओढणाऱ्यांपैकी ४८.८ टक्के लोकांच्या बाबतीत घडले, खाणाऱ्यांच्या बाबतीत फक्त ३१.७ टक्के. वस्तू जितकी गरिबाची, तितका इशारा क्षीण आणि सल्ला दुर्मीळ. दुसरीकडे, तंबाखू खाणाऱ्यांपैकी जवळपास निम्मे लोक सोडण्याचा विचार करत होते. तेव्हा 'या लोकांना सोडायचेच नसते' हे जे आपल्यातलेच शिकलेले लोक सहज बोलून जातात, ते चूक आहे.

जातीचे आणि वर्गाचे काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या फेऱ्यांमधून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली आहे: शालेय शिक्षण आणि घरची मिळकत वाढते तसा तंबाखूचा वापर घटतो, आणि अनुसूचित जाती व जमातींमध्ये तो इतरांपेक्षा जास्त आहे. मुंबईत 'हीलिस' संस्थेचे डॉ. प्रकाश गुप्ता, डॉ. मंगेश पेडणेकर आणि हार्वर्डच्या ग्लोरियन सोरेन्सन यांनी मुंबईतल्या मोठ्या लोकसंख्येच्या पाहणीवरून २००५ मध्ये हाच मुद्दा मांडला होता. शिक्षण आणि व्यवसाय या दोन्हींनुसार तंबाखूचा वापर बदलत होता, आणि अशिक्षित व महाविद्यालयीन शिक्षण झालेल्यांमधली दरी पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये कितीतरी रुंद होती.

मात्र ही सगळी नमुना-सर्वेक्षणे आहेत. ती देगलूर तालुक्याचा आणि त्यातल्या बौद्ध किंवा मातंग वस्तीचा वेगळा आकडा देत नाहीत. नांदेड जिल्ह्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जाती सुमारे १९ टक्के आहेत, देगलूर विधानसभा मतदारसंघ राखीव आहे. मते मोजताना आपण वस्तीनिहाय मोजले जातो, आजार मोजताना जिल्ह्याच्या सरासरीत विरघळून जातो.

सगळ्यांसाठी सारखी मोहीम दरी का वाढवते

ज्युलियन ट्युडर हार्ट नावाच्या वेल्समधल्या डॉक्टरने १९७१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एक निरीक्षण मांडले. चांगली आरोग्यसेवा, जिथे तिची गरज सर्वाधिक, तिथेच सर्वांत कमी मिळते. त्याला 'उलट सेवेचा नियम' म्हणतात. समाजशास्त्राच्या वर्गात हे वाचले तेव्हा ते परीक्षेपुरते होते. नंतर वस्तीत त्याचा अर्थ लागला.

समजा, शहरात फलक लावले, वर्तमानपत्रात जाहिरात दिली, मोफत दूरध्वनी क्रमांक छापला. फलक वाचणारा, फोनवर अनोळखी माणसाशी अडखळत न बोलणारा, दुपारी अर्धा तास मोकळा असणारा माणूस आधी सोडतो. शिक्षक सोडतो, कारकून सोडतो. एकूण टक्का खाली येतो, अहवाल चांगला दिसतो. पण ज्याला यातले काहीच पोहोचले नाही तो आहे तिथेच राहतो, आणि आता तंबाखू ही 'त्या लोकांची' सवय ठरते. म्हणजे मोहिमेने रोग कमी केला आणि कलंक वाढवला. म्हणून नियोजनाच्या पहिल्या दिवशीच दोन उद्दिष्टे वेगवेगळी लिहावीत: एकूण वापर कमी करणे, आणि सर्वांत मागे असलेल्या गटाचा वापर त्याहून वेगाने कमी करणे. दुसरे उद्दिष्ट लिहिलेले नसेल तर ते कोणी तपासत नाही.

देगलूरचे वेगळेपण

देगलूर हे सीमेवरचे गाव आहे. नांदेडहून येणारा महामार्ग इथून पुढे तेलंगणातल्या मदनूरकडे जातो, आणि कर्नाटकातला बीदर जिल्हाही लांब नाही. इथल्या बाजारात मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी चारही भाषा कानावर पडतात. मुंबई-पुण्यात छापलेले शुद्ध मराठी पत्रक इथे अर्ध्या लोकांना परके वाटते. मग ते वाटले काय आणि नाही काय.

महाराष्ट्राने जुलै २०१२ मध्ये अन्न सुरक्षा कायद्याखाली गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी आणली. त्याआधीची २००२ ची बंदी सर्वोच्च न्यायालयात २००४ मध्ये टिकली नव्हती. ही मात्र दरवर्षी नव्याने आदेश काढून चालू ठेवली जाते. कर्नाटकानेही २०१३ मध्ये बंदी घातली. कागदावर ही बंदी पक्की आहे. प्रत्यक्षात सीमेवरच्या तालुक्यांत गुटख्याची वाहने पकडल्याच्या बातम्या नेहमीच्या आहेत, आणि पानमसाल्याची एक पुडी व तंबाखूची दुसरी पुडी वेगवेगळी विकून ग्राहकाच्या तळहातावरच गुटखा तयार होतो. बंदी आहे म्हणून भाव चढा, भाव चढा म्हणून विकणाऱ्याला नफा मोठा. यात बेकार पोरांना काम मिळते, हेही डोळ्यांआड करून चालणार नाही. पकडला जातो तो टपरीवाला. माल आणणाऱ्याचे नाव गावात सगळ्यांना माहीत असते आणि कागदावर कुठेच नसते.

तिसरी गोष्ट स्थलांतर. दसऱ्यानंतर देगलूर, मुखेड, बिलोलीकडची कुटुंबे ऊसतोडीला, वीटभट्टीवर, हैदराबाद-पुण्याच्या बांधकामांवर जातात. कामाचा दिवस पहाटे सुरू होतो आणि जेवणाची वेळ मालकाच्या हातात असते. अशा वेळी चिमूटभर तंबाखू ही भूक मारण्याची, झोप उडवण्याची सर्वांत स्वस्त वस्तू ठरते. काही ठिकाणी मुकादम मजुरीबरोबर विडी-तंबाखूही पुरवतो आणि हिशेबात ती उचलीत धरतो. या माणसाला 'व्यसनी' म्हणणे सोपे आहे. पण त्याच्या कामाचे तास, पिण्याचे पाणी आणि दुपारची भाकरी यांचा विचार न करता आखलेली तंबाखूमुक्ती त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

विकणारे कोण, वळणारे कोण

एक गोष्ट आपल्या चळवळीच्या इतिहासातली. 'जय भीम' हे अभिवादन रूढ करण्याचे श्रेय ज्या बाबू हरदास एल. एन. यांना दिले जाते, त्यांनी कामठीत विडी कामगारांची संघटना बांधली होती. स्वतंत्र मजूर पक्षाचे ते आमदार होते. १९३७ ला निवडून आले आणि १९३९ च्या जानेवारीत, तरुण वयातच गेले. विदर्भात आपल्या समाजातले हजारो हात तेंदूपान आणि विडीवर जगले. आजही आपल्या सीमेपलीकडे निजामाबाद, कामारेड्डी भागात घराघरांत बायका विड्या वळतात, आणि तेलंगण सरकार त्यांना पेन्शन देते. म्हणजे तंबाखू आपल्या लोकांच्या तोंडात होती तशीच हातातही होती. या हातांनी मजुरी कमावली आणि छातीत धूळही घेतली. विडी बंद करा असे म्हणताना वळणारीला दुसरे काम कोणते, हा प्रश्न जो नियोजक विचारत नाही, त्याला वस्तीत कोणी गंभीरपणे घेत नाही.

कराचे गणितही पाहून घ्यावे. सप्टेंबर २०२५ च्या जीएसटी परिषदेत पानमसाला, गुटखा, सिगारेट यांना ४० टक्क्यांच्या टप्प्यात टाकण्याचे ठरले, आणि विडीचा दर मात्र २८ वरून १८ टक्क्यांवर आणण्याचे. कारण दिले जाते विडी कामगारांच्या पोटाचे. पण स्वस्त विडीचा धूर कोणाच्या छातीत जातो? मजुराचे पोट आणि मजुराचेच फुप्फुस असे समोरासमोर उभे केले जाते, आणि त्या व्यवहारात कारखानदार कुठेच दिसत नाही.

हे फक्त आपल्याकडचे नाही. अमेरिकेत सिगारेट कंपन्यांनी मेन्थॉलची, म्हणजे पुदिन्यासारखी थंड चव असलेली सिगारेट कृष्णवर्णीय वस्त्यांत, त्यांच्या मासिकांत, त्यांच्या संगीताच्या कार्यक्रमांत ठरवून खपवली. आज तिथे धूम्रपान करणाऱ्या कृष्णवर्णीयांपैकी फार मोठा हिस्सा मेन्थॉलच ओढतो. न्यूझीलंडमध्ये माओरींचे धूम्रपानाचे प्रमाण इतरांपेक्षा बरेच जास्त आहे. २०२२ मध्ये तिथे जगातला सर्वांत कडक कायदा झाला आणि २०२४ मध्ये नव्या सरकारने तो रद्दही केला. माओरी संघटनांनी तेव्हा केलेला विरोध आरोग्याच्या भाषेइतकाच हक्काच्या भाषेत होता. आपल्या कार्यकर्त्यांनी यातून घेण्यासारखे हेच, की तंबाखूचा प्रश्न चारित्र्याच्या खात्यातून काढून हक्काच्या खात्यात मांडता येतो.

नियोजनाची सुरुवात : मोजणी

वस्तीचा आकडा नाही, तर तो आपणच तयार करायचा. त्यासाठी विद्यापीठ लागत नाही. शंभर-दीडशे घरांची वस्ती चार कार्यकर्ते दोन रविवारांत पूर्ण करतात. प्रश्न मात्र वस्तीच्या शब्दांत हवेत. 'आपण तंबाखूजन्य पदार्थांचे सेवन करता काय?' हा प्रश्न कागदावरच राहू द्यावा. मिसरी लावता का, दिवसातून किती वेळा. तंबाखू-चुना मळता का. विडी, जर्द्याचे पान, गुटख्याची पुडी, तपकीर. नुसती सुपारी किती. सुपारी वेगळी विचारायची, कारण तंबाखूशिवायची सुपारीसुद्धा कर्करोगकारक आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच जाहीर केले आहे. आपल्याकडे लेकरांच्या हातातही सुपारीची पुडी असते.

इथे आमची एक चूक सांगतो. पहिल्या वर्षी आम्ही विहारात वंदनेनंतर विचारले, 'कोण कोण तंबाखू खातं, हात वर करा.' तीन म्हाताऱ्यांनी हसत हात वर केले. बायांनी पदर तोंडाला लावला आणि पुढच्या रविवारी त्यांच्यातल्या बऱ्याच जणी आल्याच नाहीत. एका काकूने नंतर पाण्याच्या नळावर सुनावले, की सगळ्यांपुढे आमची लाज काढायला विहार बांधला का. तेव्हापासून बायांची मोजणी बायांनीच, घरात, चुलीपाशी बसून करायची असे ठरले. पुरुषांचे खरे आकडे पारावर मिळत नाहीत. सकाळी मजूर अड्ड्यावर, काम लागायची वाट पाहताना मिळतात.

पंचशीलातल्या पाचव्या शीलात तंबाखू येते की नाही, यावर आपल्याकडे चर्चा रंगते. बावीस प्रतिज्ञांत दारूचा स्पष्ट उल्लेख आहे, तंबाखूचा नाही, असेही कोणीतरी सांगते. आमचे मत विचाराल तर ही चर्चा उपासकांनी स्वतःशी करावी, कार्यकर्त्याने ती तपासणीच्या रांगेत आणू नये. शीलाचा धाक घालून कोणी तंबाखू सोडत नाही, फार तर विहारात यायचे सोडतो. विहाराचा खरा उपयोग वेगळा आहे. ती वस्तीतली एकमेव सार्वजनिक जागा असते, जिथे बाई परवानगी न काढता जाऊ शकते.

बायांची मिसरी

हा भाग आम्ही जरा विस्ताराने मांडतो, कारण तो सगळीकडून सुटतो. मिसरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली, वाटलेली तंबाखू. दात घासायला म्हणून सुरू होते. दात दुखतो म्हणून सासू सुनेला देते, बाळंतपणात पोट साफ होत नाही म्हणून शेजारीण देते. मग ती दिवसातून चार-पाच वेळा लागते, नाही लावली तर डोके धरते. सवय औषध म्हणून लागलेली असते, म्हणून 'व्यसन' हा शब्द तिला लागू पडतच नाही.

मुंबईतल्या १,२१७ गरोदर स्त्रियांच्या अभ्यासात गुप्ता आणि श्रीविद्या यांना २००४ मध्ये असे आढळले, की धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या आईच्या बाळाचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरते. ज्या घरात आईच अशक्त आहे, तिथे १०५ ग्रॅम ही लहान गोष्ट नाही. गरोदरपणाची तपासणी हीच मिसरी सोडवण्याची सर्वांत चांगली वेळ असते. बाई स्वतःसाठी नाही सोडत, बाळासाठी सोडते. आशाताई आणि अंगणवाडी सेविका यांना सोबत घेतल्याशिवाय हे होणार नाही, आणि त्यांच्यापैकी काही जणी स्वतःच मिसरी लावतात. त्यांना हिणवायचे नाही. सोडलेली आशाताई ही दहा फलकांपेक्षा जास्त काम करते.

शिवाय दातदुखीचे काय करायचे, याचे उत्तर हाती हवे. दंतवैद्याची तपासणी कुठे, कोणत्या वारी होते, हे आधी शोधून ठेवा. दुखरा दात तसाच ठेवून मिसरी सोडायला सांगणे म्हणजे नुसते बोलणे.

तोंडाची तपासणी

भारतीय पुरुषांमध्ये तोंडाचा कर्करोग हा सर्वाधिक आढळणाऱ्या कर्करोगांत अग्रभागी आहे. २०२४ मध्ये 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'त आलेल्या अंदाजानुसार, धूरविरहित तंबाखू आणि सुपारीमुळे २०२२ साली जगभरात तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख २० हजार नवे रुग्ण झाले. त्यातले ८३ हजारांहून अधिक एकट्या भारतात. या रोगात एक मोठी सोय आहे. तो दिसतो. आतड्यातला कर्करोग दिसत नाही, गालातला पांढरा चट्टा टॉर्च मारून दिसतो. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षित आरोग्य सेवकांनी फक्त डोळ्यांनी तोंड तपासण्याचा मोठा प्रयोग झाला. २००५ मध्ये आलेल्या निष्कर्षांत तंबाखू वा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटलेले दिसले.

असे असूनही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, कधीतरी तोंडाची कर्करोग-तपासणी झालेल्यांचे प्रमाण देशात स्त्रियांमध्ये ०.९ टक्के आणि पुरुषांमध्ये १.२ टक्के एवढेच होते. कागदावर ही सेवा आहे: ३० वर्षांवरील प्रत्येकाचा फॉर्म आशाताईने भरायचा, त्यात तंबाखूचा प्रश्न आहे, आणि पुढे आरोग्य केंद्रात तोंड पाहायचे. कार्यकर्त्याने नवी योजना मागण्याआधी हीच योजना आपल्या वस्तीत आली का, ते विचारावे. किती फॉर्म भरले, किती तोंडे प्रत्यक्ष पाहिली, किती जणांना पुढे पाठवले, हे तीन आकडे प्राथमिक आरोग्य केंद्रात लेखी मागता येतात.

लक्षणे पाठ असावीत: दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा वा लाल चट्टा, गालाला किंवा मानेला गाठ, तिखट लागताच आग, आणि तोंड कमी उघडणे. स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात जात नसतील तर दाखवून यावे.

चट्टा सापडल्यावर खरी परीक्षा सुरू होते. देगलूरहून नांदेड सुमारे ८० किलोमीटर, आणि कर्करोगाच्या पुढच्या उपचारासाठी लातूर, बार्शी, छत्रपती संभाजीनगर किंवा थेट मुंबईचे टाटा रुग्णालय. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात, पण एसटीचे भाडे, सोबत जाणाऱ्याची बुडालेली मजुरी आणि राहण्याची सोय त्यात येत नाही. आमच्या पाहण्यातले कितीतरी रुग्ण तुकडा तपासणीनंतर, 'पुढच्या मंगळवारी या' आणि मंगळवार यांच्यामध्ये हरवले. भीमजयंतीच्या वर्गणीतून दरवर्षी थोडी रक्कम प्रवासासाठी बाजूला काढली, तर डीजेचा एक तास कमी होईल आणि एक माणूस मंगळवारी पोहोचेल. काही मंडळांनी हे ऐकताच नाक मुरडले. काहींनी मात्र ठराव केला.

कायदा कुठे वापरायचा

२००३ चा तंबाखू नियंत्रण कायदा, म्हणजे कोटपा, याची चार कलमे पुरतात. कलम ४ सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला मनाई करते, दंड २०० रुपयांपर्यंत. कलम ५ जाहिरातीवर आहे. कलम ६ प्रमाणे १८ वर्षांखालील मुलांना विकायचे नाही, त्यांच्याकडून विकून घ्यायचे नाही, आणि शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांच्या आत विक्री करायची नाही. कलम ७ पाकिटावरच्या चित्ररूप इशाऱ्याचे. एप्रिल २०१६ पासून तो पाकिटाच्या ८५ टक्के भागावर असतो. सुटी विडी आणि सुटी तंबाखू घेणाऱ्याच्या नजरेस तो इशारा पडतच नाही, हे वेगळे.

आमचा अनुभव असा, की सुरुवात कलम ६ पासून करावी. शाळेभोवती १०० यार्ड म्हणजे साधारण ९१ मीटर. दोरीने मोजा, मुख्याध्यापकांना सोबत घ्या, टपरीवाल्याशी आधी बोला. तो बहुतेक आपल्याच वस्तीतला, कधी अपंग, कधी डी.एड. होऊन नोकरी न लागलेला पोरगा असतो. त्याला जागा बदलायला महिना द्यावा, दुसऱ्या मालासाठी बचत गटाकडून कर्ज मिळवून द्यावे. गुटख्याच्या बाबतीत मात्र सौम्यपणा नको, आणि तक्रार टपरीची न करता माल उतरवणाऱ्याची करावी. अन्न व औषध प्रशासन आणि पोलीस या दोघांकडे एकाच दिवशी, पोच घेऊन.

गडचिरोलीकडून काय घ्यावे

महाराष्ट्रात या विषयावरचे सर्वांत मोठे काम गडचिरोलीत झाले आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांची 'सर्च', राज्य सरकार आणि टाटा ट्रस्ट यांनी २०१६ पासून तिथे 'मुक्तिपथ' चालवले. दारू आणि खर्रा या दोन्हींवर, एकेका व्यसनी माणसाऐवजी सबंध जिल्ह्याला धरून. गावोगावी संघटना, गावाचा ठराव, विक्रीबंदी, शाळांतले काम, तालुक्याला उपचाराची सोय आणि सरकारी यंत्रणेकडून अंमलबजावणी, असे सगळे एकाच वेळी. जिल्हा प्रशासन त्यात बांधलेले होते, हे त्याचे बळ.

आपल्याकडे तसे पाठबळ नाही. पण गाव आरोग्य समिती प्रत्येक गावात आहे, निदान कागदावर. जिल्हा वार्षिक योजनेत अनुसूचित जाती उपयोजनेचा निधी असतो, आणि तो समाजमंदिर व सिमेंट रस्त्यांपलीकडे क्वचितच विचार करतो. दंत तपासणीची फिरती गाडी, रुग्णांच्या प्रवासाची तरतूद, वस्तीपातळीवर सल्ला देणाऱ्या प्रशिक्षित तरुणी, अशी लेखी मागणी पालकमंत्र्यांकडे आणि समाजकल्याण विभागाकडे करता येईल. मोजणीचा कागद सोबत जोडलेला असेल तर मागणीला वजन येते.

गडचिरोलीचा मार्ग जसाच्या तसा उचलू नये. तिथल्या आदिवासी गावात ग्रामसभेचा निर्णय सगळ्या गावाचा असतो. आपल्या गावात ग्रामसभेत कोण बोलतो आणि कोण दाराशी उभा राहतो, हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणून ठराव आधी वस्तीत करावा, मग ग्रामसभेत न्यावा. एक निरीक्षण मात्र सांगण्यासारखे आहे: ज्या गावात अजून पाण्याचा हंडा वेगळा दिसतो, तिथेही चुन्याची डबी सगळ्या जातींत फिरते. या डबीभोवती बसणाऱ्या सगळ्यांना बोलावता आले, तर ते काम फक्त आपल्या वस्तीचे राहणार नाही.

सोडणाऱ्याला मदत

राष्ट्रीय क्विटलाइनचा मोफत क्रमांक १८००-११-२३५६. ज्याला एकट्याने बोलायला जड जाते, त्याच्या शेजारी बसून फोन लावून द्यावा. पहिले तीन-चार दिवस सर्वांत कठीण असतात: डोके दुखते, चिडचिड होते, पोट साफ होत नाही. हे आधी सांगितले नाही तर माणूस 'मला मानवत नाही' म्हणून पुन्हा डबी काढतो. ऊसतोडीच्या ऐन हंगामात कोणाला सोडायला लावू नये. गावी परतल्यावर, पावसाळ्याच्या तोंडाशी, काम थोडे सैल असताना सुरू करावे. जोडीने सोडणारे जास्त टिकतात, जाऊबाई-जाऊबाई, दोन भाऊ, एकाच टोळीतले दोघे. रोज वीस रुपयांच्या पुड्या म्हणजे वर्षाला ७,३०० रुपये होतात, हा हिशेब आम्ही घरातल्या शाळकरी मुलीकडून करून घेतो. ती वही बापासमोर ठेवते.

मोजणीच्या वहीत शेवटचा रकाना 'पुन्हा भेट' असा आखावा आणि त्यात तीन तारखा आधीच लिहून ठेवाव्यात: एक आठवड्यानंतरची, एक महिन्यानंतरची आणि दसऱ्याच्या आधीची, माणसे टोळीसोबत निघण्यापूर्वीची. पुन्हा खायला लागलेल्याचे नाव खोडायचे नाही. त्याच्यापुढे नवी तारीख लिहायची.